युरियाशिवाय सोयाबीन: ब्राझीलच्या दोन संशोधिका आणि आपली काळी माती

काळीमाती (नागपूर)

२०२५ चं वर्ल्ड फूड प्राइझ मारियांजेला हुंग्रिया यांना मिळालं. नॉर्मन बोरलॉग यांच्या पुढाकाराने सुरू झालेला हा पुरस्कार १९८७ साली सगळ्यात आधी आपल्या स्वामीनाथनांना मिळाला होता. या वेळी तो मातीतल्या जिवाणूंवर आयुष्यभर काम केलेल्या बाईंना मिळाला, आणि त्यांचं बहुतेक काम सोयाबीनवर आहे. नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ या पट्ट्यातल्या माणसाने तरी ते समजून घ्यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

आधी थोडा हिशोब. एक टन सोयाबीन पिकवायला झाडाला साधारण ८० किलो नत्र लागतं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतं पावणेएकवीस किलोच्या आसपास. ब्राझीलचं हेक्टरी सरासरी उत्पादन ३ टनांच्या वर आहे. हे नत्र युरियातून द्यायचं म्हटलं तर हेक्टरी बारा-तेरा गोण्या झाल्या, आणि तेही टाकलेला कण न् कण झाडाला मिळाला असं धरून. तिथला शेतकरी सोयाबीनला जवळपास शून्य युरिया टाकतो. नत्र येतं मुळांवरच्या गाठींतून. गाठीतले ब्रॅडीरायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र धरतात, झाडाला देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात.

हे आपोआप झालेलं नाही. यामागे एक निर्णय आहे, आणि तो घ्यायला लावला योहाना ड्योबेराइनर यांनी.

त्यांचा जन्म १९२४ चा, चेकोस्लोव्हाकियातल्या जर्मनभाषक घरातला. महायुद्ध संपल्यावर घरदार सुटलं, दुसऱ्यांच्या शेतावर गाई पिळण्यापासून शेणखत पसरण्यापर्यंतची कामं केली, मग म्युनिकला शेतीशास्त्र शिकल्या. १९५० च्या सुमारास नवऱ्याबरोबर ब्राझीलला गेल्या आणि रिओजवळच्या सेरोपेदिका नावाच्या गावातल्या सरकारी प्रयोगशाळेत कामाला लागल्या. १९६० च्या दशकात ब्राझीलने सोयाबीन वाढवायचं ठरवलं, तेव्हा अमेरिकेसारखं रासायनिक नत्र देऊनच वाण निवडावेत असा सूर होता. ड्योबेराइनर अडून बसल्या. त्यांचं म्हणणं होतं, पैदाशीच्या प्लॉटमध्ये नत्र टाकूच नका. जे वाण जिवाणूंच्या जोरावर चांगले येतील तेवढेच पुढे न्या. नत्र टाकून निवडलेलं वाण गाठी नीट धरतं की नाही ते कळतच नाही, कारण जमिनीत तयार नत्र असलं की झाड गाठी करायचं टाळतं. हे म्हणणं मान्य झालं आणि ब्राझीलची सगळी सोयाबीन शेती त्या पायावर उभी राहिली.

हुंग्रिया त्यांच्याच तालमीतल्या. १९८२ पासून एम्ब्रापा या तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत आहेत. जमिनीत जिवाणू एकदा स्थिरावले की परत लावायची गरज नाही, असं तोवर मानलं जायचं. हुंग्रियांनी वर्षानुवर्षं शेतावर चाचण्या घेऊन दाखवलं की दर हंगामात नव्याने लावले तर सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास उत्पादन वाढतं. आज तिथे ४ कोटी हेक्टरपेक्षा जास्त क्षेत्रावर ही जिवाणू खतं वापरली जातात.

आपल्याकडेही गाठी करणाऱ्या जिवाणूंची, म्हणजे रायझोबियमची, पाकिटं आहेत, शिफारस जुनी आहे. मग त्यांच्याकडे जे झालं ते आपल्याकडे का दिसत नाही? मला याचं उत्तर हवंय. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

उमरेडकर

ताई, धागा चांगला काढला. आमच्याकडं पाकीट भेटते, पण कसं भेटते ते सांगतो. पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्रात बियाण्याच्या थैलीसंगं दुकानदार टेकवून देते. ते पाकीट मार्च-एप्रिलपासून टिनाच्या शेडमध्ये पडून असते. मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४५ च्या वर, टिनाखाली त्याच्याहून जास्त. आतमध्ये जितं काय राहत असंन? कास्तकार लावते, फरक दिसत नाही, पुढच्या वर्षी सोडून देते. मंग म्हणते, हे काही कामाचं नाही.

---

प्रा_सूक्ष्मजीव

उमरेडकर भाऊंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं आकड्यांत मांडतो.

आपल्या खत नियंत्रण आदेशात २००६ साली जैविक खतांचा समावेश झाला. भुकटीतल्या रायझोबियममध्ये ग्रॅममागे किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरमागे १० कोटी जिवंत पेशी असाव्यात असा नियम आहे. ब्राझीलमध्ये हीच किमान मर्यादा १०० कोटी आहे, आणि ती मुदत संपेपर्यंत टिकली पाहिजे.

आता बियाण्यापर्यंत येऊ. आपली शिफारस किलोमागे २५ ग्रॅम भुकटीची. म्हणजे किलोभर बियाण्यावर १२५ कोटी पेशी. सोयाबीनच्या शंभर दाण्यांचं वजन ११ ग्रॅम धरलं तर एका किलोत नऊ हजार दाणे होतात. दाण्यामागे साधारण १ लाख ४० हजार पेशी आल्या. हुंग्रियांच्या गटाची शिफारस दाण्यामागे १२ लाखांची. पाकीट अगदी नियमाप्रमाणे ताजं असलं, सगळी भुकटी दाण्याला चिकटली, एकही पेशी मेली नाही, तरी आपण त्यांच्या आठव्या-नवव्या हिश्श्यावर आहोत. उन्हात राहिलेलं पाकीट असेल तर किती उरतं त्याचा अंदाज तुम्हीच बांधा.

काळीमाती ताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे असं माझं मत. जिवाणू चांगले की वाईट हा वाद नंतरचा. ते बियाण्यापर्यंत पुरेशा संख्येने जिवंत पोचतच नाहीत.

---

वैदर्भी

वाचतेय. खूप छान माहिती. ड्योबेराइनर बाईंबद्दल अजून लिहा ना कोणी. त्यांनी गवतातले जिवाणू शोधले असं ऐकलं होतं.

---

काळीमाती (नागपूर)

वैदर्भी, तो भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी नत्र धरतात हे १८८० च्या दशकात जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी सिद्ध केलं होतं. हॉलंडच्या बायेरिंकने १८८८ मध्ये गाठीतला जिवाणू वेगळा काढला, १९०१ मध्ये मातीत मोकळा राहणारा अ‍ॅझोटोबॅक्टर शोधला. पण गवत, मका, ऊस, ज्वारी यांच्या मुळांवर गाठी नसतात. त्यांचा नत्र धरणाऱ्या जिवाणूंशी संबंध असेल असं फारसं कोणी धरून चालत नव्हतं.

अडचण अशी होती की नत्र धरणारं विकर, नायट्रोजिनेज, ऑक्सिजन लागला की निकामी होतं. उलट अशा अनेक जिवाणूंना जगायला मात्र ऑक्सिजन लागतो. प्रयोगशाळेत बशीतल्या घट्ट आगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर), मोकळ्या हवेत ते वाढवायला गेलं तर नत्र धरायचं काम होत नाही. सोयाबीनच्या गाठीत झाडाने यावर स्वतःची सोय केलेली असते: लेगहिमोग्लोबिन नावाचं लाल द्रव्य ऑक्सिजन बेताने पुरवतं. चांगली गाठ कापली की आतून गुलाबी-लाल दिसते ती त्याच्यामुळे.

ड्योबेराइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आगार अगदी थोडं घातलं. माध्यम पातळ, थलथलीत राहिलं. त्यात नत्राचं संयुग घातलंच नाही, म्हणजे वाढायचं तर हवेतूनच नत्र घ्यावं लागणार. अन्न म्हणून मॅलिक आम्लाचा क्षार, आणि रंग बदलणारं एक सूचक द्रव्य. त्यात मुळाचा तुकडा सोडला की जिवाणू स्वतः पोहत जिथे ऑक्सिजन त्यांना हवा तेवढाच आहे त्या खोलीवर थांबतात. पृष्ठभागाच्या काही मिलिमीटर खाली पांढुरका पडदा धरतो आणि माध्यम निळं पडत जातं. महागडं यंत्र नाही, बंद वायूची पेटी नाही. साध्या बाटलीत त्यांनी जिवाणूला स्वतःची जागा शोधू दिली.

या पद्धतीतून गवताच्या मुळांवरच्या अ‍ॅझोस्पिरिलम या जिवाणूचा अभ्यास जगभर सुरू झाला. पुढे हर्बास्पिरिलम सापडला, त्याच्या नावात सेरोपेदिका गाव आहे. १९८८ मध्ये उसाच्या आत राहणारा नत्र धरणारा जिवाणू सापडला. त्याआधी पास्पालम नावाच्या गवताच्या मुळांवरचा अ‍ॅझोटोबॅक्टर १९६६ मध्ये त्यांनीच शोधला होता. साधनं मोजकी असलेल्या प्रयोगशाळेतून एवढं काम झालं याचं मला फार मोल वाटतं, कारण आपल्याकडे साधनं नाहीत हे कारण सतत पुढे केलं जातं.

---

रेगूर

धागा उत्तम, पण दोन गोष्टींवर माझा आक्षेप आहे.

एक. अ‍ॅझोस्पिरिलमबद्दल १९७० च्या दशकात जो उत्साह होता तो पुढे बराच खाली आला. गवताला आणि मक्याला जो फायदा दिसतो त्यातला मोठा भाग नत्राचा नाही. हा जिवाणू ऑक्झिनसारखी संप्रेरकं तयार करतो, मुळं वाढतात, झाड जास्त पाणी आणि अन्न ओढतं. फायदा खरा आहे, कारण वेगळं आहे. दुकानात मात्र 'हवेतलं नत्र मिळवून देतं, युरिया बंद करा' असं सांगून विकतात. ज्वारी-मक्याच्या शेतकऱ्याने या भरवशावर युरिया बंद केला तर त्याचं नुकसान होईल.

दोन. ब्राझीलची माती आणि आपली माती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यांच्या सेराडो भागात लाल, आम्लधर्मी माती, अ‍ॅल्युमिनियमचा त्रास, चुना टाकून सुधारलेली. आपली बेसाल्टपासून झालेली, स्मेक्टाइट चिकणमातीची, चुनखडीयुक्त, सामू (पीएच) ८ च्या आसपास. तिथे मॉलिब्डेनम कमी पडतं म्हणून बियाण्याला लावतात, कारण नायट्रोजिनेजला ते लागतं. आपल्या विम्लधर्मी मातीत मॉलिब्डेनम सहसा मिळतं, कमतरता असते ती जस्त, लोह, गंधक आणि उपलब्ध स्फुरदाची. स्फुरद कॅल्शियमला बांधून बसतो. गाठीला स्फुरद भरपूर लागतो, कारण नत्राचा एक रेणू फोडायला १६ एटीपी (पेशीतली ऊर्जा पुरवणारे, स्फुरद असलेले रेणू) खर्ची पडतात. त्यामुळे स्फुरद न देता नुसतं कल्चर (जिवाणू खत) लावून गाठी मागणं चुकीचं आहे.

पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंबद्दलही हेच. हे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून स्फुरद मोकळा करतात, पण चुनखडी जास्त असली की ती आम्लं तिथेच विरून जातात. प्रयोगशाळेतल्या बशीत दिसणारं वलय वावरात तसंच दिसेल असं नाही.

---

प्रा_सूक्ष्मजीव

रेगूर, पहिल्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. त्यात एवढीच भर घालतो की हुंग्रियांचा गट आता सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम आणि अ‍ॅझोस्पिरिलम दोन्ही एकत्र लावायला सांगतो, तो याच कारणाने. नत्र पहिल्याने धरायचं, दुसऱ्याने मुळं वाढवायची म्हणजे गाठींना जागा आणि पाणी मिळतं.

मातीच्या फरकाचा मुद्दाही बरोबर, म्हणून त्यांचे जिवाणू आणून आपल्याकडे ओतायला मी सांगणार नाही. सोयाबीन मुळात आपलं पीक नाही, त्याचे जिवाणू पिकाबरोबर आले आणि गेल्या काही दशकांत आपल्या मातीत रुळले. उन्हाळ्यात भेगा पडणाऱ्या, पावसात चिकट होणाऱ्या जमिनीत जे टिकलेत त्यांच्यातूनच चांगले निवडायला हवेत. ब्राझीलने तेच केलं, आपल्या जमिनीत रुळलेल्यांतून निवडले.

---

संत्रावाला_काटोल

मधेच विचारतो, माफ करा. सोयाबीन नाही, संत्र्याची बाग आहे. जंबेरीवरची कलमं. संत्र्याला या जिवाणूंचा काही उपयोग?

---

रेगूर

दादा, संत्र्याला गाठी येत नाहीत, पण तुमच्या बागेत मायकोरायझा बुरशीचं काम मोठं आहे. लिंबूवर्गीय झाडांना मूलरोम फार कमी, ते स्फुरद आणि जस्तासाठी या बुरशीच्या धाग्यांवर खूप अवलंबून असतात. दोन पथ्यं पाळा. आळ्यात खोल खोदकाम करू नका, धागे तुटतात. आणि स्फुरदाचा मारा करू नका, मातीत तयार स्फुरद जास्त झाला की झाड या बुरशीला थारा देत नाही. डिंक्या रोगासाठी औषधाची आळवणी करायची असेल तर मायकोरायझा त्याच वेळी देऊ नका. बाकी वेगळा धागा काढा, अमरावती रोडच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत जाऊन आलेले इथे बरेच आहेत.

---

हिंगण्याची_सून

आमच्या वावरात खोलगट बाजूला सोयाबीन दरवर्षी पिवळं पडतं. सासरे म्हणतात युरिया मार. मारला की आठवडाभर हिरवं दिसतं, परत तसंच. गाठी उपटून पाहिल्या तर पांढऱ्या, बारीक. त्या बाजूला पाणी साचतं.

---

प्रा_सूक्ष्मजीव

ताई, तुम्ही लिहिलंय त्यातच कारण आहे. गाठीला हवा लागते, नत्रासाठीही आणि श्वासासाठीही. जमीन चिबडली की गाठीचं काम थांबतं, आतला लाल रंग जातो. लोहही झाडाला मिळेनासं होतं, ते पिवळेपण वेगळं: नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. नत्र कमी असेल तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात. कोणती पानं आधी पिवळी पडतात ते बघा.

युरियाचं काय होतं तेही सांगतो. मातीतले जिवाणू युरियाचं अमोनियम करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. हे नायट्रेट करणारे जिवाणू विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने १८९० मध्ये वेगळे काढले होते. पाणी साचलेल्या जागी हवा नसली की आणखी तिसरे जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास घेतात आणि नत्र वायूरूपात परत हवेत जातं. त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड म्हणून जातो, जो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७० पट आहे. जे खाली झिरपतं ते विहिरीत उतरतं. म्हणजे खोलगट भागात टाकलेल्या युरियाचा बराचसा हिस्सा तुमच्या झाडापर्यंत येतच नाही, आणि जो येतो तो उरलेल्या गाठींनाही दाबतो.

तिथे आधी पाणी काढा. रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरा, निदान पिकाच्या दर चार-सहा ओळींनंतर सरी पाडा. गाठी बघायच्या तर फुलोऱ्याच्या सुमारास, झाड उपटून नाही, फावड्याने मातीसकट उचलून पाण्यात धुवा. उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात.

---

उमरेडकर

सर, येक अडचण हाय. आता बियाणं रंग लावून येते, थायरम-बिरम कंपनीतूनच लागलेलं. त्याच्यावर कल्चर लावलं तर जिवाणू मरन ना?

---

प्रा_सूक्ष्मजीव

भाऊ, बरेचसे मरतात. थायरम, कार्बेन्डाझिम यांचा ब्रॅडीरायझोबियमला त्रास होतो, आणि जितका वेळ दोघं दाण्यावर एकत्र राहतील तितके जास्त मरतात. म्हणून घरी प्रक्रिया करताना आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते वाळल्यावर सगळ्यात शेवटी जिवाणू, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी, असा क्रम असतो. रंगीत बियाण्यासाठी ब्राझीलमध्ये दुसरा मार्ग वापरतात: द्रवरूप कल्चर पाण्यात मिसळून पेरताना थेट पेरणीच्या ओळीत सोडायचं, म्हणजे बियाण्यावरच्या औषधाशी थेट गाठ पडत नाही. फक्त मात्रा बियाण्याला लावतो त्याच्या किमान अडीच पट घ्यावी लागते.

---

रेगूर

यात भर. धूळपेरणीत हे करू नका. तापलेल्या कोरड्या मातीत जिवाणू टिकत नाहीत. चांगला पाऊस होऊन वाफसा आल्यावरच.

ताईंनी ब्राझीलच्या ३ टनांचा आकडा दिलाय, त्याबद्दलही एक सांगायचं होतं. आपलं सरासरी हेक्टरी एक टनाच्या आसपास फिरतं. हा सगळा फरक जिवाणूंचा नाही. त्यांचे वाण जास्त दिवसांचे, पावसाची उघडीप वेगळी, २०२३ सारखा पिवळ्या मोझॅकचा तडाखा आपल्याकडे बसतो. जिवाणू हा त्यातला एक भाग आहे.

---

काळीमाती (नागपूर)

रेगूर, मान्य. मी ३ टनांचं आमिष दाखवत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की नत्राच्या बाबतीत त्यांनी जिवाणूला जिवंत वस्तूसारखं वागवलं. वाण निवडताना त्याचा विचार केला, पाकिटातल्या संख्येचा कायदा कडक केला, दरवर्षी शेतात तपासलं. आपण त्याला खताच्या गोणीसारखं वागवतो, गोदामात टाकतो, उन्हात ठेवतो, आणि मग उगवलं नाही म्हणून नावं ठेवतो. नागपुरात कापूस संशोधन संस्था आहे, मृद सर्वेक्षण ब्यूरो आहे, १९०६ पासूनचं कृषी महाविद्यालय आहे, शेजारी अकोल्याचं विद्यापीठ. मातीबद्दल एवढं ज्ञान एका जागी असलेली शहरं देशात थोडी असतील. इथल्या कृषी केंद्रांत जिवाणू खताला एखादा फ्रीज किंवा निदान थंड खोली सक्तीची का असू नये? लस थंड ठेवायची यंत्रणा आपण खेड्यापर्यंत नेली. ही मागणी मी कृषी विभागाकडे लेखी देणार आहे, मसुदा इथेच टाकते, कोणाला सुधारणा सुचवायच्या तर सुचवा.

---

हिंगण्याची_सून

मसुद्यात पाकिटावर बनवल्याची तारीख मोठ्या अक्षरात मराठीत असावी हेही घाला. आता ती शोधायला भिंग लागतं.

---

वैदर्भी

+१. आणि पाकीट विद्यापीठातून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून थेट घेता येतं का, तेही कोणी सांगा.

---

प्रा_सूक्ष्मजीव

येतं. अकोल्याला विद्यापीठात तयार होतं, आपल्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारून ठेवा. पेरणीच्या आठवडाभर आधीच आणा, घरात माठाजवळ ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट पाकिटाला भिजवणार नाही एवढं ओलं.

या खरिपात ज्यांना शक्य आहे त्यांनी एकाच वावरात, एकाच वाणाचे तीन पट्टे करावेत. एक नुसता, एक कल्चरचा, एक नेहमीच्या युरियाचा. स्फुरद आणि गंधक तिन्हीकडे सारखं. नुसता पट्टा आधी पेरा, कल्चरचा शेवटी, नाहीतर तिफणीतून जिवाणू दुसऱ्या पट्ट्यात जातात. फुलोऱ्यात प्रत्येक पट्ट्यातली दहा-दहा झाडं फावड्याने काढा, गाठी कापून रंग बघा, फोटो इथे टाका. सोंगणीला तिन्हींचं वजन वेगळं करा.

---

उमरेडकर

मी करतो. धुऱ्याकडचे पट्टे घेऊ का मधले?

---

रेगूर

मधले घ्या भाऊ. धुऱ्याकडे झाडांची सावली असते, बंडीच्या वाटेने जमीनही दबलेली असते. उताराला आडवे पट्टे घेऊ नका, नाहीतर खालच्या पट्ट्यात पाणी साचेल आणि तुलनाच होणार नाही. उताराच्या दिशेने घ्या, म्हणजे तिन्ही पट्ट्यांत वरची आणि खालची माती सारखी येईल.